दापिलानचं बुडालेलं गाव

आई,
दापिलानहून तुझ्या फिदेलाचा नमस्कार. मी बरी आहे. सुकी मासळी आणि भात रोज मिळतो, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

नगरपालिकेसाठी गावाचा इतिहास लिहायचं काम चालू आहे. कागदोपत्री हे गाव पहिल्यापासून डोंगराच्या पायथ्याशी आहे. किनाऱ्यावर राहणारे युसेबियो आजोबा म्हणाले, "साफ खोटं! चल, दाखवतो." भर ओहोटीला त्यांनी मला गुडघाभर पाण्यातून नेलं. पायाखाली जुन्या चर्चच्या पायऱ्या लागल्या. ते गाव समुद्रात गेलं, तेव्हा त्यांचे वडील पाच वर्षांचे होते.

"तरी तुम्ही अजून किनाऱ्यालाच?"
"डोंगरावर मासे चढत नाहीत, पोरी."

वादळांमुळे किनाऱ्यावरच्या लोकांना आता डोंगरावर जागा द्यायच्या आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिल्याचा पुरावा लागतो. आजोबांनी बुडालेल्या गावातली, थोरामोठ्यांकडून ऐकलेली घरं एकेक करून तोंडपाठ सांगितली, मी लिहून घेतली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतल्या नावांशी ती जुळली. काल एकोणीस घरांना जागा मंजूर झाल्या. आजोबांनी स्वतःची सुनेच्या नावावर करायला लावली. "मी होडीपाशीच बरा," म्हणाले. मी वाद घातला नाही.

आपल्या किनाऱ्यावरही डोंगरावरच्या जागांसाठी अशीच यादी करायला माणसं आली होती, आणि तू त्यांना दारातूनच परत पाठवलंस, असं धाकट्या तोन्योने कळवलं. आई, त्यांना पुन्हा बोलाव आणि नाव दे. तुझ्याशी मात्र मी वाद घालणार आहे.

तुझी,
फिदेला