दुकान उघडं असल्याचा पुरावा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कमरेने सध्या असहकार पुकारलाय, तेव्हा नमस्कार लेखीच मान्य करून घे.) तुझा गुडघा पूर्वीइतका कुरकुरत नसेल आणि वहिनी तुला एकट्याला जिना उतरू देत नसतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत. ही बरी आहे, लेक-जावई बरे आहेत, मीही बराच म्हणायचा, फक्त माझ्यावर खटला चालू आहे.

हाताने लिहिलेलं पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, तर कोणी गेलेलं नाही. आमच्या वकीलबाईंची सक्त ताकीद आहे की निकाल लागेपर्यंत मी फोनवर एक अक्षर लिहायचं नाही, कुणाच्या लिखाणाला अंगठा दाखवायचा नाही आणि सकाळची फुलं तर अजिबात पाठवायची नाहीत. म्हणून कपाटातून कागद काढला. हा आपल्या दुकानातलाच कागद आहे. वह्या कापताना उरलेल्या पट्ट्यांवर आपण लहानपणी चित्रं काढायचो, त्याच जातीचा. हातात घेतल्याबरोबर बाबांची आठवण आली, आणि मग पत्र लांबणार हे माझ्या लक्षात आलं.

तर खटला असा. आपल्या बाइंडिंगच्या दुकानाचे थोरले मालक गेले हे तुला ठाऊक आहे. आता त्यांचा मुलगा मालक. तो राहतो दूर, आपल्या गल्लीत कधी पाऊल टाकत नाही. त्याला त्या जागी मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान काढायचंय. त्याने कोर्टात अर्ज केला की भाडेकरूने दुकान कित्येक महिने बंद ठेवलंय, कायद्याप्रमाणे बंद ठेवलेली जागा मालकाला परत मिळाली पाहिजे. मी रोज सकाळी शटर वर ढकलतो, रोज संध्याकाळी खाली ओढतो, आणि हा म्हणतो बंद. मी म्हटलं, याला काय वेडबिड लागलंय का? पण दादा, पंचाईत अशी आहे की तो खोटं बोलत नाहीये. तो माझा वाचक आहे.

त्याचं झालं असं, लेकीने मला मोठा फोन घेऊन दिला आणि ‘आठवणीतले दिवस’ नावाच्या एका मंडळात माझं नाव घातलं. तिथे सगळे आपल्या वयाचे. कोणी मोडक्या खुर्चीचा फोटो टाकतो, कोणी जुन्या शाळेच्या भिंतीचा, आणि बाकीचे सगळे खाली हळहळतात. मी सुरुवातीला प्रामाणिकपणे आपल्या दुकानाचा फोटो टाकला आणि लिहिलं, दुकान चालू आहे, जुनी पुस्तकं नवीन करून मिळतील. तो फोटो तिघांना आवडला. मला, हिला, आणि भीतीपोटी जावयाला. मग एकदा संध्याकाळी मन जरा हळवं झालं होतं. मी लिहिलं, ‘शटर गंजलं. खळीचा वास विरला. जिथे दोन भाऊ शेजारी बसून पुस्तकांची जुजं शिवायचे, तिथे आता फक्त शांतता आहे.’ दादा, काय सांगू तुला, माणसं नुसती तुटून पडली. बायका रडल्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला ‘शब्दप्रभू’ म्हटलं.

आता यातला प्रत्येक शब्द खरा आहे. शटर गंजलंय, कारण मालक रंग देत नाही. खळीचा वास विरला, कारण मी आता तयार गोंदाचा डबा आणतो (बाबा असते तर त्यांनी डबा आणि मी, दोघांनाही बाहेर काढलं असतं). आणि शांतता आहे कारण रेडिओ बिघडलाय. पण दुकान बंद झालं असं मी कुठेही लिहिलं नाही. लिहिलं नाही, नुसतं तसं वाटू दिलं. एकदा वाहवा मिळाल्यावर माणूस थांबतो होय? मग मी बाबांच्या दाभणाला निरोप दिला, पुस्तकं दाबायच्या शिकंज्याला निरोप दिला, दाराच्या उंबऱ्याला तर दोनदा दिला. सकाळी दुकानात बसून दिवसभर पुस्तकं शिवायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच दुकानाला अखेरचा नमस्कार करायचा, असं माझं छान चाललं होतं.

हे सगळं फिरत फिरत मालकाच्या फोनवर पोचत होतं, आणि तेच समोरच्या वकिलांनी छापून कोर्टात दिलं. माझ्या नावासकट, फोटोसकट, तारखेसकट. आपण फोनवर लिहितो ते हवेत जातं असं मला वाटायचं. वकीलबाई म्हणाल्या, काका, ते कागदापेक्षा पक्कं असतं. कागद फाटतो तरी. ज्याच्या फोनवर दिसलं त्याने सही करून दाखला दिला, की ते पुरावा म्हणून वाचता येतं. न्यायाधीशांनी ‘उंबऱ्यास निरोप’ पूर्ण वाचलं आणि चष्मा पुसला. मला आधी वाटलं त्यांना आवडलं. आवडलंही असेल, पण त्याने माझंच दुकान जायची वेळ आली होती.

इथे गप्प बसायचं सोडून मी उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, माझा फोन साक्ष देईल, तो मी कुठे जातो ते सगळं लिहून ठेवतो. (हे मला जावयाने सांगितलं होतं. जावयाला मी त्यानंतर जेवायला बोलावलेलं नाही.) वकीलबाईंनी माझा सदरा खाली ओढला, पण तोवर उशीर झाला होता. न्यायाधीश म्हणाले, आणा. आणला. त्यात निघालं की मी दिवसभर घरी असतो, दुपारी हिच्या बहिणीकडे जातो, आणि आठवड्यातून एकदा केस रंगवायला जातो. अरे, तो फोन हिच्याकडे असतो. ही त्यावर मालिका बघते. मला तो मिळतो संध्याकाळी, निरोपाच्या वेळेला. कोर्टात सगळ्यांनी आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, जिथे रंगवायला काहीच शिल्लक नाही, आणि मग हसले. पण हसण्याने फोनचं म्हणणं खोटं ठरत नाही. फोन म्हणतो घरी, मी लिहितो शांतता, मग दुकानात बसतो तो कोण?

आणि आता ऐक. पुढच्या तारखेच्या आधी समोरच्या वकिलांचा कारकून दुकानात आला. कोर्टाजवळ बाइंडिंग करणारा मी एकटाच उरलोय, त्यामुळे तो वर्षानुवर्षं त्यांची कागदपत्रं माझ्याकडेच टाकतो. त्याने सवयीने गठ्ठा ठेवला, दुपारपर्यंत हवंय म्हणाला आणि चहाला गेला. मी दोरी सोडली तर वर माझाच उंबरा. माझ्या विरुद्धचा सगळा पुरावा माझ्याच टेबलावर. हसावं की रडावं कळेना. फाडून टाकावा असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण हातांनी तोवर पानं ठोकून सारखी केली होती. मी ते बांधलं, दादा. चांगलं बांधलं. मेणाचा दोरा, कापडी कणा, निळा पुठ्ठा. माझं एवढं लिखाण एकत्र पुन्हा कोण छापणार, असंही जरा वाटलं. आणि बाबांच्या शिस्तीप्रमाणे मागच्या पुठ्ठ्याच्या आत दुकानाची चिठ्ठी चिकटवून वर तारखेचा शिक्का मारला.

न्यायाधीशांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांना चिठ्ठी दिसली. बंद दुकानाने बांधलेला, दुकान बंद असल्याचा पुरावा. कारकुनाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मी मनात म्हटलं, सुटलो. पण समोरचे वकील काही कच्चे नाहीत. ते म्हणाले, एक पुस्तक बांधलं म्हणजे एक दिवस दुकान उघडलं, बाकीच्या दिवसांचं काय? न्यायाधीशांनाही ते पटलं. गिऱ्हाइकं साक्षीला येतील, पण ती वर्षातून एकदा येणारी. वीज मालकाच्या मीटरवर. पावती मी कधी फाडली नाही. रोजचं काही आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे रोजचं काही नव्हतं. पुढची तारीख पडली. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. दुकान गेलं तर मी सकाळी उठून कुठे जायचं, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वकीलबाई दुकान बघायला आल्या. त्यांच्यासमोर मी शटर वर केलं, दिवा लावला, भिंतीवरच्या जुन्या फोनवरून तुझा नंबर फिरवला, दोन रिंग दिल्या आणि ठेवून दिला. त्यांनी विचारलं, हे काय होतं? मी म्हटलं, काही नाही, दादाला रिंग. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, नीट सांगा.

मी नीट सांगायला लागलो आणि मलाच नीट आठवलं. तू नोकरीसाठी गेलास तेव्हा बाबा दोन दिवस तुझ्या जागेवर कुणाला बसू देत नव्हते. मग दुकानात हा फोन बसवला. बाहेरगावी बोलणं परवडणारं नव्हतं. बाबांनी ठरवून टाकलं, दुकान उघडलं की दोन रिंग द्यायच्या, पोराने उचलायचा नाही, त्याला कळेल की सगळं ठीक आहे. बाबा गेले त्यानंतरही मी ते सोडलं नाही. बोलणं स्वस्त झालं, मग फुकट झालं, तरी हात दोन रिंगांवर आपोआप थांबतो. आणि तूही कधी उचलला नाहीस. लेकीच्या लग्नात भेटलो तेव्हा तू एवढंच म्हणालास, हल्ली जरा उशिरा उघडतोस. मला त्या सगळ्या गर्दीत तेवढंच लक्षात राहिलं.

वकीलबाईंनी फोन कंपनीकडे विचारलं. कंपनी म्हणते, उचलला नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे आमच्याकडे नोंद नाही. कंपनीच्या लेखी आपण दोघं इतक्या वर्षांत एकमेकांशी काही बोललोच नाही. मला तिचा राग आला, पण तसं पाहिलं तर ती तरी काय चुकीचं सांगते?

असो. फार लिहिलं. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. दुकानाचा फोन भिंतीला खिळलेला आहे, तो हिच्या बहिणीकडे जाऊ शकत नाही. त्यावरून रिंग आली म्हणजे कोणीतरी दुकानात होतं. आणि त्या रिंगा आता जगात एकाच ठिकाणी आहेत, तुझ्या मोबाइलमध्ये, न उचललेल्या फोनच्या यादीत. तू काही पुसत नाहीस हे मला माहीत आहे. जेवढ्या असतील तेवढ्या राहू देत. फोन दुरुस्तीला देऊ नकोस, नातवंडांच्या हाती देऊ नकोस, आणि तो घेऊन पुढच्या तारखेला तुला इथे यावंच लागेल. कायदाच तसा आहे.

ता. क. दुसरा. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, कायदा तसा नाहीये. वकीलबाई म्हणाल्या होत्या की तिथल्या एखाद्या वकिलाला फोन दाखवून तू दाखल्यावर सही करून पाठवलीस तरी सध्या काम भागेल, असल्या गुडघ्याने प्रवास करायची गरज नाही. ते बरोबर आहे. यावंच लागेल हे मी माझ्या मनाचं लिहिलं. तुझ्या जागेवर अजून मी कुणाला बसवलेलं नाही.

ता. क. शेवटचा. हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तू फोनजवळ थांब. मी दोन रिंगांवर ठेवणार नाही, वाजत ठेवीन. उचललेल्या फोनची नोंद कंपनीकडे राहते म्हणतात, म्हणजे खटल्यालाही ते बरंच. खटल्याचं जाऊ दे. काय बोलायचं ते मलाही सुचणार नाही. तू नुसतं ‘हं’ म्हण, पण उचल. मला तुझा आवाज ऐकायचाय.