तोंडं नदीकडे

सोमवार, ता. ७
पोहोचलो एकदाचे! होडीशिवाय इथे यायला वाट नाही आणि सीझन संपलेला, म्हणजे अख्खं गाव आमचंच. दारातून पायऱ्या उतरल्या की नदी, मान वळवली की समुद्र. आजारपणानंतर आज हिचा चेहरा पहिल्यांदा खुलला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे; इथे दुसरं करण्यासारखं आहे तरी काय! घराच्या मालकीणबाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत. फक्त भरतीच्या वेळी चपला बाहेर ठेवू नका, हे बजावून बजावून सांगितलं. चोर आहेत का विचारलं, तर नाही म्हणाल्या.

मंगळवार, ता. ८
वाळूतून मनसोक्त भटकलो. हिच्या चपला चिखलाने माखल्या, म्हणून मीच धुऊन पायरीवर वाळत ठेवल्या. नवरा कामाला लागला म्हणून ही दिवसभर चिडवत होती.

बुधवार, ता. ९
चपला आत घ्यायच्या विसरलोच. सकाळी त्या ओल्याचिंब, तोंडं नदीकडे. तुझ्याआधी याच फिरायला निघाल्या, असं मी हिला म्हटलं. मालकीणबाईंनी त्या कोणाच्या ते विचारलं. हिच्या, असं मी सांगितलं. जेवताना त्यांनी एकच ताट मांडलं. मी आठवण करून दिल्यावर दुसरं आणलं, पण हिच्याकडे बघितलं नाही.

गुरुवार, ता. १०
काल चपला पलंगाखाली ठेवल्या होत्या. सकाळी पुन्हा पायरीवर, आणखी एक पायरी खाली. हिचे पाय गार पडलेत. नदी फार मायेनं बोलते, असं ही म्हणते. सामान बांधून धक्क्यावर गेलो, तर नावाडी हिला होडीत घेईना. मालकीणबाईंना गाठलं. त्या रडत म्हणाल्या, "भरतीनं ज्याच्या चपला बघितल्या, त्याला ती न्यायला येते. एका वेळी एकालाच नेते."

शुक्रवार, ता. ११
चपला जाळल्या. परत आल्या. ओल्या. आता शेवटची पायरी—
चूक माझी, शिक्षा हिला का? एकालाच नेते ना, मग मला ने. संध्याकाळी हिचा डोळा लागल्यावर माझ्या चपला खाली ठेवून आलो. मन जरा शांत आहे.

शनिवार
उजाडलं. मी आहे.
माझ्या चपला आत. कोरड्या, पुसलेल्या, जोडी नीट लावलेली— ही हिचीच सवय. म्हणजे जागी होती. सगळं बघत होती.
दार उघडं. अंथरूण ओलं. हाका मारून घसा—
पाणी उंबऱ्याशी आलंय. पाण्यातून ही विचारते, जेवलास का—
मला एकट्याला जेवायचं नाही. चपला बाहेर ठेवतोय. तोंडं नदीकडे कर—