बाबा, चप्पल घातलीत ना?

बाबा, आज पुन्हा यशवंतपूरला दादाकडे जाऊन आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथून परत आलं की तुमच्याशीच भांडावंसं वाटतं. घरात दुसरं आहे कोण भांडायला?

आपलं कोरमंगलातलं स्वयंपाकघर आठवतं का तुम्हाला? तुम्ही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होतात, आणि तुमच्या ऑफिसची एक पद्धत होती. कच्चा मसुदा साध्या माणसांना वाचून दाखवायचा आणि विचारायचं, हे ऐकून तुम्ही काय कराल? साधी माणसं म्हणजे आम्हीच. आई भाकऱ्या थापतेय, दादा आणि मी पाटावर, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून समजावताय. संदेष्टे लोकांना सांगतात तो हिब्रू शब्द 'शूब'. म्हणजे वळा, परत या. दुसरा 'नाखम', म्हणजे आतल्या आत हळहळणं. इंग्रजीवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी दोघांनाही 'रिपेन्ट' म्हणून टाकलं, म्हणून तुम्ही चिडायचात. "अरे, त्यात नुसतं दुखणं आहे, पाय कुठे आहेत?" मग तुम्ही आधी 'पश्चात्ताप करा' असं वाचलंत. दादा म्हणाला, "रडीन." मग 'मागे फिरा' वाचलंत. दादा म्हणाला, "चप्पल घालीन." तुम्ही इतके खूश झालात की तव्यावरची पहिली भाकरी उचलून त्याच्या ताटात टाकलीत. मला मेलीला कुणी विचारलंच नाही.

त्याच दादानं पुढे चर्च सोडून देवळात लग्न केलं, तेव्हा तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." वहिनी त्याच्या मागे उभी होती. कन्नड मुलगी, तेव्हा मराठीचा गंध नाही, पण सगळं कळलं तिला. नंतर तुम्ही हळहळलात, हे मी पाहिलंय. चर्चमध्ये डोळे पुसायचात. आई म्हणायची, "अहो, एकदा जाऊन तरी या." एकाच शहरात, यशवंतपूरला बस थेट जात होती हो बाबा! तुम्ही म्हणायचात, "बघू, ईस्टर होऊ दे." किती ईस्टर झाले! सगळ्या जगाला त्या शब्दातले पाय दाखवलेत, आणि स्वतःचे काही उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. तेव्हा मला तुमची कीव यायची, आता चक्क राग येतो. मग एका सकाळी तुम्ही देवाघरीच गेलात.

दादाच्या आता काही लक्षात राहत नाही. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. मुलांची नावं चुकतो, वहिनीला कधी आई समजतो. आणि तुम्ही गेलात, हे तर पार पुसून गेलंय त्याच्या मनातून. आज गेले तर बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. वहिनी हळूच म्हणाली, "सकाळपासून असेच बसलेत, अक्का. जेवा म्हटलं तर म्हणतात, बाबा येऊ देत." पहिल्यांदा मी त्याला खरं सांगून पाहिलं होतं. हमसून हमसून रडला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न. दर वेळी नव्यानं त्याचा बाप मारायचा का मी? मला नाही जमत. आणि तुमच्याऐवजी मी जाऊनही काही होत नाही. मी समोर बसले तरी तो माझ्या खांद्यावरून दाराकडेच बघत असतो.

आजही विचारलं त्यानं, "बाबा निघाले का गं?"

"निघालेत," मी म्हणाले. "ट्रॅफिक आहे रे खूप."

"सरी, बरं, सावकाश येऊ देत." मग म्हणाला, "चप्पल घातलीय ना त्यांनी? रस्ता तापलाय."

मी हो म्हणाले, बाबा. दर खेपेला असंच काहीबाही सांगते. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून कबूल करते: सांगून झालं की मीही एकदा वळून दाराकडे बघते.