अकरा महिने उशीर

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. आ.

पत्र पाहून म्हणशील, दादाचा फोन मोडला की काय. फोनवर हे बोलवत नाही. मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे आणि तो हाडांत उतरला आहे. चष्म्याचं दुकान आता मुलगाच पाहतो. मी काउंटरमागे बसून गिऱ्हाइकांना फुकटचं शहाणपण शिकवतो.

मुद्द्याचं हे. पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो आणि शरीर तो सांधून घेतं. माझ्यात ते सांधण्याचं काम जन्मापासूनच अधू आहे. बाबांची कंबर ओझी उचलून गेली असं आपण समजत होतो. डॉक्टरांना वाटतं, त्यांनाही हेच असावं. तुझ्यात तो दोष असण्याची शक्यता निम्मी. बायकांना त्यातून स्तनाचा, बीजाशयाचा कर्करोग होऊ शकतो. रक्त तपासून घे. टाळू नकोस.

वहिनीनं आठवण काढली आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

२ मार्च

ती. दादास शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुझ्या अक्षराला हसले, तिसऱ्यांदा राग आला. एवढं सांगायला तुला पोस्टमन लागला!

तपासणीचं म्हणशील तर जरा थांब. इस्पितळाच्या धोबीघरात मी बावीस वर्षं मुकादम आहे. कुठल्या वॉर्डातून चादरी कशा येतात ते मला पाठ आहे. एकदा रोगाचं नाव लागलं की माणूस त्या चादरींतलाच होतो. आणि लेकीला सातवा महिना आहे, तिला हा घोर नको. माझं पोट हल्ली जरा फुगतं, पण या वयात कुणाचं फुगत नाही? तू वेळेवर औषध घे आणि वहिनीला छळू नकोस.

रागावलास तरी जीव लावत राहा.

तुझी धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस अ. आ.

पोट फुगतं हे वाचलं आणि घास हातातच राहिला. आजच दाखव.

माझं म्हणशील तर प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं झाली. डीएनए सांधण्यात बिघाड असलेल्या काहींना ती लागू पडतात. मला नाही पडली. डॉक्टर म्हणाले, लढणाऱ्या पेशी गाठीच्या कडेलाच थांबल्या, आत फारशा शिरल्याच नाहीत. आता त्या बिघाडावरच नेम धरणाऱ्या गोळ्या चालू आहेत. रक्ततपासणीतला रोगाचा आकडा उतरलाय. किती दिवस, ते कुणी सांगत नाही.

आता जे लिहायला हवं ते लिहितो. हा दोष मला गेल्या वर्षी मार्चमध्येच कळला होता. बहिणीला कळवा, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. औषधांनी माझं पुरुषपण गेलं होतं, बसल्याजागी घामाचे लोट यायचे. त्यात आपल्या रक्तातच खोट आहे हे तुला कळवायची लाज वाटली. उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत अकरा महिने घालवले.

दादा

९ एप्रिल

दादास,

नमस्कार लिहायला हात उचलला नाही.

रक्तात दोष आहे. बीजाशयात गाठ आहे आणि ती पोटभर पसरली आहे. शनिवारी सलाइनमधून पहिलं औषध देणार आहेत. वर्षापूर्वी कळलं असतं तर, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खात्रीनं सांगता येत नाही, पण बीजाशय काढून टाकायचा सल्ला दिला असता.

लेकीचंही रक्त तपासलं. तिच्यात दोष नाही. ते कळलं तेव्हा धोबीघरात ओल्या फरशीवरच बसून राहिले.

तुला माफ केलं असं लिहीत नाही, ते खोटं होईल. वहिनी म्हणाली, तू मुलालाही अजून सांगितलेलं नाहीस. त्याला वाटतंय हा नुसता म्हातारपणाचा रोग. त्याला लगेच सांग. नाहीतर मी सांगेन.

तुझी बहीण

१३ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

परवा दुकान बंद करताना मुलाला सगळं सांगितलं, तुझंही. तो काचा पुसत होता, पुसतच राहिला. मग त्यानं एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी खरं ते सांगितलं. "आत्याला तरी सांगायचं होतंत, बाबा," म्हणाला आणि आत निघून गेला.

काल सकाळी तो रक्त द्यायला गेला. मी सोबत येतो म्हणालो, तर नको म्हणाला. दुपारी परतला तो तुझ्या गावचं तिकीट काढून. शनिवारी औषध चढेल तेव्हा तो तुझ्याजवळ बसणार आहे.

मीही यावं का, ते त्यानं तुलाच विचारायला सांगितलंय. म्हणून विचारतो.

दादा