लसणाच्या दुधातलं तूप

कोल्हापूर, १३ ऑगस्ट १९७४, मंगळवार

सासूबाईंचे पाय आजही गार. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. रक्त नीट फिरायला लसणाचं दूध दिलंत तरी हरकत नाही, म्हणाले. पण चातुर्मासात त्यांना लसूण चालत नाही. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, औषध म्हणून घेतलं तर व्रत मोडत नाही." खरंच मोडत नाही का? मला तरी कुठं ठाऊक!

उग्र वास जावा म्हणून पाकळ्या तुपात परतल्या, मग दुधात शिजवल्या. पहिला घोट घेऊन त्या थबकल्या.

"अगं, हे तर ग्वाड लागतंय की! औषध कडू असतंय. हे खाणं झालं. पाप कुणाला लागंल, तुला का मला?"

"मला," म्हटलं.

"मग चालतंय की," म्हणत त्यांनी तळाच्या पाकळ्यासुद्धा चावून खाल्ल्या.

नंतर त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. "आता ऊब आली बघ. उद्या बी दे," म्हणाल्या. पाय तर तसेच गार होते. हे खोटं माझ्या समाधानासाठी, की तुपासाठी?

उद्या तूप जरा जास्तच घालीन.