तळं कोणत्या हाताला

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चष्म्याचं दुकान विकलंस, भिंगांची कपाटंसुद्धा गेली, आणि एप्रिलअखेर तू कायमची तुझ्या लेकाकडे, आमच्या दादाकडे, साता समुद्रापलीकडे राहायला जाणार, हे सगळं एका ओळीत उरकलंस; पुढची दीड पानं माझ्या अक्षरावर. अक्षराचं मनावर घेते. तुझं जाणं मात्र अजून गळ्याखाली उतरत नाही.

तर जाण्याआधी माझ्यासाठी एक कर. मार्चच्या मध्यावर आमच्या सायकलच्या दुकानातर्फे तळ्याची दोन दिवसांची फेरी काढतेय. सामान, पाणी, जेवण आणि दमलेली माणसं वाहायला गाडी माझी. बाकीच्यांनी फक्त पायडल मारायचं आणि तक्रारी करायच्या. मुक्कामाच्या जागा लहान, म्हणून तुकड्या दोन. एक तुझ्या काठावरून तळं उजव्या हाताला ठेवून निघेल, दुसरी समोरच्या, म्हणजे बाबांच्या काठावरून, तळं डाव्या हाताला ठेवून. दुपारी दोन्ही तुकड्या इथे आमच्या बोटीच्या धक्क्यावर समोरासमोर येतील, एकत्र जेवतील आणि मग आपापल्या वाटेने पुढे जातील.

बाबा गुडघेदुखीने हैराण आहेत. हे अगदी खरं आहे. त्यापुढचं तू विचारू नयेस.

लोभ आहेच, त्याला हवा भरत राहा.

तुझी
भिंगरी

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोन का करत नाहीस म्हणशील. फोनवर बोललेलं माणूस नंतर नाकारतं, म्हणून.

तुझ्या बापाचा गुडघा दुखतो कारण त्याची सीट खाली असते. लहानपणापासून हा ठोंब्या (या नावाने हाक मारलेली त्याला खपत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते) बेडकासारखे गुडघे फाकवून सायकल चालवतो. मी सांगितलं असतं, पण सांगणार कशी? सात वर्षं आमचं बोलणं नाही.

तुला वाटत असेल काहीतरी मोठं झालं असेल. काही नाही. दर वर्षी आम्ही दोघं तळ्याला फेरी मारायचो. त्या वर्षी त्याच्या फाटकातून निघताना तो म्हणाला, तळं डाव्या हाताला ठेवू, वारा पाठीशी येतो. मी म्हटलं, उजव्या हाताला, पाणी जवळून दिसतं. तो त्याच्या बाजूने गेला, मी माझ्या. तळं गोल, तेव्हा पलीकडे गाठ पडणारच. पडली. अगदी हाताच्या अंतरावरून गेलो. मला वाटलं, हा काही बोलेल. हा पाण्यातली बदकं मोजत निघून गेला. त्याचं म्हणणं, बदकं मी मोजत होते. तेव्हापासून तोंडाला कुलूप. मी मोठी आहे, आधी त्याने बोलावं.

तो नसेल तर माझं नाव घाल. असेल तर खोड.

तुझा लोभ मला पुरतो, अक्षर पुरत नाही.

आत्या

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्या आत्याने सायकल विकली आणि ती काही फेरीला यायची नाही, असं तू लिहितेस. कवळ्या करण्यात माझा जन्म गेला. समोरचा खोटं बोलतोय हे मला त्याच्या जबड्यावरून कळतं. कागदाला जबडा नसतो, तेव्हा तुझ्यावर विश्वास ठेवतो.

येतो. अटी दोन. तळं डाव्या हाताला. आणि दर थांब्यावर पाठ टेकायची खुर्ची, कारण स्टुलावर बसवलं तर मी तिथून उठणार नाही.

दुसरं असं की तिच्या दुकानावरचा चष्म्याच्या आकाराचा निळा दिवा मला गॅलरीतून रोज दिसायचा. गेला आठवडाभर दिसत नाही. बल्ब गेला असेल. चौकशी कर. माझं नाव सांगू नकोस. ती जाणार हे मला तुझ्याकडून कळावं, याचं वाईट वाटतं, एवढंच. तेही सांगू नकोस.

बाकी ठीक. गुडघ्याशिवाय.

बाबा

ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नाव घातलं आहे. सोबत थांब्यांची माहिती पाठवते. माझी तोफेच्या तोंडी जायची तयारी आहे.

एका माणसाला तुझ्या दुकानाचा निळा दिवा हल्ली दिसत नाही, म्हणून काळजी लागली आहे. नाव सांगायचं नाही अशी त्याने ताकीद दिली आहे, म्हणून सांगत नाही. तो माणूस कवळ्या करतो. तू जाणार हे तुझ्या तोंडून कळलं नाही, याचं त्याला वाईट वाटतं. हेही सांगायचं नव्हतं.

रागावलीस तर निदान लेखी रागाव.

भिंगरी

ता. २७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दिवा मी उतरवून माळ्यावर ठेवला आहे. नव्या मालकाला तिथे केस कापायचं दुकान काढायचंय.

पलीकडच्या तुकडीसाठी दर थांब्यावर पाठीची खुर्ची हवी, असं तुझ्या कागदावर आहे. आमच्या तुकडीला स्टुलं. लोकांचे डोळे तपासता तपासता माझे केस पिकले, तू मला काय फसवणार. खुर्ची कोणाची ते मला कळलं.

तरी येते. का येते ते विचारू नकोस. तू दोघांना गंडवलं आहेस, आता थोडं तुलाही कोणी गंडवलं तर कुरकुर करायची नाही.

आशीर्वाद आहेतच, कान उपटणं भेटीत.

आत्या

ता. १८ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार अर्धाच समज, मी रागावले आहे.

त्या शनिवारी बाबा धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोचले. तू येणार हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण इस्त्रीचा शर्ट घालून कोणी सायकल चालवायला येत नाही. पाय मोकळे करतो म्हणत ते सारखे तुझ्या बाजूच्या वळणापर्यंत जाऊन येत होते. तुझी तुकडी येईना. जेवण निवलं. मी कोणाला नावानिशी काही बोलले नव्हते, तरी बाबा आपणहून म्हणाले की तिला मी आहे हे कळलं असणार, म्हणून वाटेतून परत फिरली. ताट बाजूला ठेवून ते तळ्याकडे तोंड करून बसले. आत्या, मला तेव्हा रडू आलं. सगळी अक्कल पाजळून मी होतं तेही बिघडवलं, असं वाटलं.

मग तुमच्याबरोबर स्कूटरवर असलेल्या आमच्या मेकॅनिकचा फोन आला. अख्खी तुकडी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाणचक्कीपाशी, उपाशी बसली होती, आणि सगळ्यांना उलट्या बाजूने नेणारी तू होतीस. मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, तळं तिच्या कोणत्या हाताला? मी म्हटलं, डाव्या. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

ते उठले आणि सायकल घेतली. मी पुढचा रस्ता दाखवला, तर म्हणाले, तिकडून गेलो तर जन्मभर तिच्या मागेच फिरत राहीन, ती बाई थांबणाऱ्यातली नाही. आणि त्यांनी हँडल आल्या वाटेला वळवलं. तळं उजव्या हाताला, समोरून भणाणता वारा. आत्या, बाबा तुझ्या बाजूने गेले.

मी सगळ्यांची जेवणं गाडीत घालून पाठोपाठ निघाले आणि पंक्चर काढणाऱ्या गाडीचंच टायर बसलं. मी पोचले तेव्हा तुम्ही दोघं पायरीवर बसून बिस्किटं खात होता. मधलं सगळं माझं हुकलं. बाबा सांगत नाहीत. तू सांगितलंस तर उरलेला अर्धा नमस्कार पाठवते.

भिंगरी

ता. २२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दिव्याचं वाचल्यापासून मला चैन नव्हती. म्हटलं, मी मोठी आहे, मोठेपणा करून टाकू. तोंडाने बोलणं जमायचं नाही, निदान त्याच्या बाजूने फेरी मारू. तुकडीला सांगितलं की असं गेल्यावर वारा पाठीशी राहतो. ते खोटं नव्हतं, तुझ्या बापाचंच मत होतं. एक वकील तेवढे कुरकुरले, पण ते सगळ्यात मागे होते.

तळं गोल असतं आणि एकाच बाजूने निघालेली माणसं कधी भेटत नाहीत, हे पाणचक्कीपाशी पोटात कावळे ओरडायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं. जन्मात एकदा त्याचं ऐकलं, तर ही गत. तिथे बसून काय करणार, तशीच पुढे निघाले.

तो त्याच्याच फाटकापाशी समोरून आला. सकाळी जिथून निघाला तिथेच, दिवसभर सायकल चालवून. तोंड लालबुंद, गुडघे बाहेर. या खेपेला पाण्यात बदकं नव्हती. दोघंही थांबलो. त्याने आधी बोलावं असं माझं ठरलेलं होतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं की तुझी सीट खाली आहे. तो म्हणाला, मला माहीत आहे. मी म्हटलं, मग वर का घेत नाहीस. तर म्हणाला, घेतली असती तर तुला मला बोलायला काय उरलं असतं.

मग मी पाना काढला आणि सीट वर घेतली. तो सायकल धरून उभा होता, लहानपणी धरायचा तसा. आम्ही दोघंही थोडे रडलो. हे तू कुठे बोललीस तर मी नाकारीन, लिहिलेलं असलं तरी.

माझी सायकल त्याच्याकडे ठेवून जाणार आहे.

आता पूर्ण नमस्कार पाठव, मला तो घेऊन जायचा आहे.

आत्या

ता. १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तिथे रस्ते सरळसोट आहेत, वळून परत त्याच जागी येत नाहीत, असं लिहितेस. कठीण आहे.

गुडघा दुखत नाही. हे तुझ्यामुळे, असं मी कबूल करत नाही. हल्ली हवा कोरडी आहे. परवा भिंगरी म्हणाली, सीट जरा जास्तच वर वाटते, खाली घेऊ का. तिला हात लावू दिला नाही.

तुझी सायकल माझ्या सायकलीला टेकवून ठेवली आहे. कॅरियरला बांधलेलं पुडकं तू गेल्यावर सोडलं. वर काही लिहिलेलं नव्हतं. तू एवढं लिहिणारी बाई, आणि नेमकं त्यावर काही नाही.

चष्मा गॅलरीत लावला आहे. डावीकडची काच जरा तडकली आहे, पण निळा उजेड चांगला पडतो. पलीकडून बघायला आता कोणी नाही, हे मला कळतं. तरी अंधार पडला की लावतो. तू परत येशील तेव्हा तळं कोणत्या हाताला ठेवून येशील, याचा काही भरवसा नाही, म्हणून दोन्हीकडून दिसेल असा बसवला आहे.

लोभ होताच, मध्ये बोलला नाही इतकंच.

तुझा
ठोंब्या