आत्याबाईंच्या हातची सुई

१२ जानेवारी १९५८, रविवार. पौड

नळी निळी. आठवडाभर निळीच आहे. औषध घालून तापवलेली लघवी विटकरी झाली नाही, म्हणजे साखर नाही, म्हणजे आजचा दिवस पदरात पडला. उपकार, प्रभू.

घरची उपासना आम्हां तिघांचीच. पुण्याच्या ख्रिस्ती देवळात महिन्यातून एकदा जाणं होतं. एरवी ह्यांनी शास्त्र वाचायचं, मी गीत म्हणायचं, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, प्रार्थना करायची. आज त्यांनी ह्यांच्या कचेरीतले मामलेदार, घरमालकीण हौसाबाई, तिची नुकती व्यालेली म्हैस, सगळ्यांना देवापुढे उभं केलं. चुलीवर तवा तापून लाल. ह्यांनी मिटल्या डोळ्यांनीच हसू दाबलं, मला कळलं.

सुईआधीची प्रार्थना मात्र एवढीशी. "प्रभू, हात तुझा, पोर तुझी." आमेन म्हणेपर्यंत टोचून झालेलं असतं. बाळ गेलं त्या वर्षी सासूबाई नगरहून महिनाभरासाठी म्हणून आल्या. पुण्याच्या नर्सनं त्यांना नारिंगावर सुई टोचायला शिकवली. अक्षर येत नाही, पण पिचकारीवरची रेघ न् रेघ ओळखीची. तो महिना अजून संपलेला नाही.

२१ जाने., मंगळ.

हात कापतोय, अक्षर बघा कसं आलंय. सकाळी चुलीशी होते. एकदम घाम, पोलकं भिजलं. पुढचं आठवत नाही. मी म्हणे "वर्गात शांतता पाहिजे!" म्हणून हौसाबाईवर ओरडले. शाळेतली नोकरी सोडून किती वर्षं झाली!

हौसाबाई सांगत होती, "बाई, डोळं कसंतरीच फिरवत हुता तुमी. मला वाटलं, बाहेरचं काय लागलं का काय. अंगारा आणाया निगालेच हुते, तवर म्हातारीनं गुळाचा खडा तुमच्या तोंडात कोंबला."

साखर फार खाली उतरली की असं होतं. गूळ, मग दूध, मग माणसांत.

२२ जाने.

हे रागावले. "इन्शुलिन घेऊन उपाशी राहतेस." नव्हते उपाशी. आत्याबाई समोर बसून होत्या, एक शब्द नाही. एरवी माझी बाजू घेऊन लेकाला गप्प करतात.

३ फेब्रु., सोम.

पुन्हा. या वेळी ओठ बधिर व्हायला लागताच गूळ खाल्ला, निभावलं. पोटभर भाकरी खाऊन साखर उतरतेच कशी?

दुपारी भातात खडा लागला. आत्याबाईंनी निवडलेल्या तांदळात खडा! परवा सुईत दोरा ओवायला त्या हौसाबाईच्या लेकीकडे गेल्या होत्या. आणि रविवारी ह्यांना पाणी देताना तांब्या भांड्याच्या बाहेरच कलंडला...

 उद्या त्या पिचकारी भरतील तेव्हा नीट बघते.

४ फेब्रु.

बघितलं. आत्याबाई खिडकीशी गेल्या, पिचकारी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग नखानं रेघा चाचपल्या. काचेवरच्या रेघा नखाला काय लागणार! औषध खुणेच्या किती तरी वर गेलेलं.

"झालं ना गं बरोबर?" असं आजवर त्यांनी मला कधी विचारलेलं नाही.

"बुडबुडा दिसतोय आत्याबाई. जरा सोडा बाहेर. अजून जरा. बास."

बुडबुडा नव्हता. त्यांनी सोडलं. "प्रभू, हात तुझा, पोर तुझी." हात नेहमीसारखाच हलका, कळलंसुद्धा नाही.

६ फेब्रु.

रोज बुडबुडा. आज म्हणाल्या, "ह्या बाटलीतच खोट दिसतीया." माझ्याकडे बघत नव्हत्या. की बघत होत्या आणि दिसत नव्हते मी?

८ फेब्रु., शनि.

ह्यांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ताडकन उठले. "जीव जायचा तुझा एखाद्या दिवशी! आजपासून आईनं सुईला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "त्यांना काही बोलायचं नाही. शपथ आहे."

"मग मी टोचतो."

टोचलं. आधी स्वतःच घाम गाळला, मग डोळे मिटून टोचलं. दंडावर गाठ आलीय. आत्याबाई दारात उभ्या. "यशवंता, माझं काय चुकलं रे?" हे म्हणाले, "काही नाही आई. मलाही यायला पाहिजे ना." इतकं वाईट खोटं बोलतात की लहान पोरानंही ओळखावं. आत्याबाई जेवल्या नाहीत.

९ फेब्रु., रवि.

हे लिहून ठेवायलाच हवं.

उपासना. गीत झालं, वाचन झालं. आत्याबाईंची प्रार्थना. सुरूच होईना. हात जोडलेले, ओठ हलताहेत. मग एकदम मोठ्यानं,

"प्रभू, तुला ठावं हाये. मला रेघा दिसत नाहीत. दिवाळीपासनं दिसत नाहीत. पोरीला सांगितलं तर ती सुई काढून घेईल, मग मी हितं कशापायी राहू? म्हणून अंदाजानं भरत आले. तिच्या जिवाशी खेळले मी. तू तिला राखलंस. आता तूच तिला सांग. माझ्या तोंडून निघंना."

सांगत होत्या देवाला. मी हातभर अंतरावर, त्याच चटईवर.

आमेन कुणी म्हणायचं तेच कळेना. हे मान खाली घालून. बाहेर हौसाबाई ओरडली, "आवो, म्हस सुटली, फाटक लावा!" तेव्हा कुठे डोळे उघडले. हे फाटक लावायला धावले, डोळे पुसत. मी आत्याबाईंचे हात धरले. थंडगार होते. म्हणाल्या, "ऐकलंस?" म्हटलं, "ऐकलं." 

मला राग यायला हवा होता का? शोधून पाहिला. त्या जागी भीतीच सापडली, त्या आता निघून जातील ही.

१० फेब्रु.

नवी रीत. भरायचं मी, टोचायचं त्यांनी. टोचायला डोळे लागत नाहीत, त्यांचा हात दंडावरची जागा आपोआप शोधतो. सुरुवातीला नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, "काल ह्यांनी टोचलं तशी रोज टोचून घेऊ का?" दंडावरच्या गाठीवरून बोट फिरवून बघितलं आणि पिचकारी घेतली.

नळी निळी.

१९ फेब्रु., बुध.

नळी विटकरी. हौसाबाईकडची पुरणपोळी. कबूल. आत्याबाईंना नळी दिसली नाही, मीच सांगितलं. "गप्प बसली असतीस तर?" म्हणाल्या. मी म्हटलं, आता या घरात कुणी काही लपवायचं नाही. खूप वेळ हसल्या. त्यांचं हसू ऐकून किती दिवस झाले होते.

१ मार्च, शनि.

पुण्याला जाऊन आलो, एस.टी.नं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्यात मोतीबिंदू, चांगला पिकलाय, काढता येईल. डावा काचबिंदूनं गेला. तो परत यायचा नाही. आधी आला असतात तर, असं म्हणाले. ह्यांनी मान वळवली.

येताना गाडीत आत्याबाई सारखं म्हणत होत्या, "कशाला चिरफाड? चाचपून स्वैपाक करते की मी." मी म्हटलं, "आणि भातातले खडे?" "ते तुला चावायला."

पिरंगुटला गाडी थांबली. वैशाख नाही तरी ऊन भाजत होतं. त्यांनी पदर माझ्या डोक्यावरून ओढला. आजारी कोण, हेच कळत नाही कधी कधी.

१८ मार्च, मंगळ. पुणे, दवाखाना

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. इतक्या बोलक्या बाईला बोलणंसुद्धा बेतानंच. हे कचेरीसाठी परतले. बाईमाणसांचा वॉर्ड, रात्री मलाच राहायचंय. उद्याची सुई? नर्सला सांगीन.

१९ मार्च

नर्सला सांगितलं नाही. ती धावपळीत होती, हेही खरं. पण आत्याबाई म्हणाल्या, "तुझी तू टोच. मी इथं हाये."

इतक्या वर्षांत स्वतःला कधी टोचलं नाही. पिचकारी भरली. खाटेशी स्टुलावर बसले, लुगडं वर घेऊन मांडी धरली. हात खाली जाईना.

"टोचलंस?"

"नाही अजून."

"आता?"

"नाही हो."

"मांडी हाय का डोंगर? किती येळ चढतीस?"

हसले आणि हसताहसताच टोचलं. दुखलं. त्यांच्यासारखं नाही आलं. सांगितलं तसं. म्हणाल्या, "येईल." पट्टीखालून कडेनं पाणी ओघळलं. मी घाबरून नर्सला हाक मारली, रडायचं नाही म्हणून बजावलेलं. "रडत नाय बाई," त्या नर्सला म्हणाल्या, "उपकार मानतीया."

शेजारच्या खाटेवरची बाई विचारत होती, आई का तुमची? हो म्हटलं.

२५ मार्च

पट्टी काढली. नर्सचा पांढरा झगा दिसला. खिडकी दिसली, "उजेडाचा चौकोन" म्हणाल्या. माझं तोंड? "ढगावाणी हाये. पण तूच हायेस." चष्मा महिन्या-दीड महिन्यानं. त्याच्यावर खरं ठरणार. डॉक्टर आशा धरा म्हणाले, वचन दिलं नाही.

मी आता रोज टोचते. आज दुखलं नाही. सांगितलं नाही त्यांना. का नाही सांगितलं?

२९ मार्च, शनि.

घरी. हौसाबाईनं अंगण सारवून ठेवलं होतं, दूध आणून दिलं. "म्हातारे, दिसतंया का?" "तू जाड झालीस येवढं दिसतंया." झालं, दोघी सुरू.

सकाळच्या सुईचं मात्र कुणीच काही काढलं नाही. मी खोलीत जाऊन टोचून आले. चोरासारखं वाटलं.

२ एप्रिल, बुध.

थोरले दीर नगरहून आलेत. आईला न्यायला. परवा उत्तम शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस, तो घरी पाळायचा म्हणून उद्याच्याच गाडीनं निघायचं म्हणतात. "तिकडे सुना आहेत, नातवंडं आहेत, दवाखाना जवळ. इथे सुमनला स्वतःचंच होत नाही, ती आईचं काय करणार?" वाईट हेतूनं बोलले नाहीत. चुकीचंही बोलले नाहीत. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

देवाला विचारलं. मला हवं म्हणून त्यांना धरून ठेवू का? त्यांचं भलं कशात आहे?  

दुपारी आत्याबाईंनी हाक मारली. जवळ बसवलं.

"खरं सांग. टोचायला येतंय तुला आता?"

"येतंय."

"दुखतंय?"

"नाही."

"मग सुईसाठी माझी गरज नाय."

"सुईसाठी नाही," मी म्हटलं.  शाळेत एवढी भाषणं केली आणि ऐनवेळी एवढंच सुचलं. "मला करमणार नाही."

"करमावं म्हणून कुणी म्हातारी ठेवतं का घरात? आंधळी?"

"मी ठेवते."

 त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, जिथे टोचायच्या तिथे, आणि तसाच राहू दिला.

आता दीर बाहेर ट्रंकेची कडी वाजवताहेत. "आई, तुझी लुगडी भरू का?"

आत्याबाई आतून ओरडल्या, "लुगडी राहू दे जागेवर. लसूण सोलायचा हाये सांजच्या आमटीला." सोलतायत, एकेक पाकळी बोटांनी चाचपून.